पोटातल्या घड्याळाचा गजर

रात्रीचे साडेदहा वाजलेत. जेवण होऊन दीड-दोन तास झालेत. घरात सामसूम आहे. एवढ्यात स्वयंपाकघरात आवाज होतो, 'टक्!' चिवड्याच्या डब्याचं झाकण! आईला वाटतं, मांजर आलं. पण ते मांजर नसतं. कोण असतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच!

"पण खरंच भूक लागते हो! पोटात कावळे ओरडतात!" असं तुम्ही म्हणाल. ते खोटं नाही. मात्र हे कावळे येतात कुठून, याचा छडा लावायला हवा.

१९९९ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी जठरात तयार होणारं एक संप्रेरक शोधून काढलं. त्याचं नाव घ्रेलिन. ते रक्तातून मेंदूला निरोप पोचवतं, 'जेवायची वेळ झाली!' गंमत म्हणजे ते फक्त रिकाम्या पोटीच वाढतं असं नाही. रोज आपण ज्या वेळी खातो, त्या वेळेच्या थोडं आधीसुद्धा ते वाढतं. मधल्या सुट्टीची घंटा होण्याआधीच डबा आठवतो ना, तसंच हे. रोज साडेदहाला चिवडा खाल्ला, की पोटातलं घड्याळ साडेदहाचा गजर लावून ठेवतं. म्हणजे दाणे टाकून कावळ्यांना आपणच बोलावलेलं असतं!

अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगर जिल्ह्यात, याची दोन उदाहरणं सहज सापडतील. इथे जैन कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांच्यातले कितीतरी जण 'चौविहार' पाळतात. म्हणजे सूर्य मावळल्यावर जेवण नाही आणि पाणीही नाही. हिवाळ्यात तर सहाच्या सुमारासच त्यांचं जेवण उरकतं. आता दुसरीकडे पाहा. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. गळीत हंगामात असे कारखाने रात्रंदिवस चालतात. रात्रपाळीचा कामगार मध्यरात्री डबा उघडतो, कारण तो जागा असतो आणि कष्टाचं काम करत असतो. एकाच जिल्ह्यात काही माणसं सहाला जेवण संपवतात आणि काही बारानंतर डबा खातात. पोट दोन्ही वेळा शिकतं. मग तुमच्या पोटाला कोणती वेळ शिकवायची, हे तुम्ही ठरवायचं. चौविहार हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे, तो सर्वांनी पाळावा असं मुळीच नाही. पण तुम्ही काही रात्रपाळीला जात नाही, हे तरी खरं ना?

रात्रीच्या खाण्यानं बिघडतं काय? पहिला फटका दातांना. झोपेत तोंडातली लाळ खूप कमी होते. एरवी दात धुऊन काढायचं काम लाळ करते. बिस्किटाचा चिकटा तसाच राहिला, की जंतू त्याचं आम्ल करतात आणि दात किडतात. दुसरा फटका झोपेला. भरल्या पोटानं आडवं झालं, की जठरातलं आम्ल वर येतं आणि छातीत जळजळतं. तिसरा फटका सकाळी बसतो. उठल्यावर भूकच नसते. मग चहा-बिस्किटावर शाळा गाठायची. डबा अर्धा परत आणायचा. संध्याकाळी कडकडून भूक लागली, की वडापाव नाहीतर वेफर्स. त्यामुळे रात्रीच्या जेवणाला "मला नको!" आणि साडेदहाला पुन्हा, 'टक्!'

बघितलंत, चक्र कसं फिरतं ते? म्हणूनच रात्री डब्यासमोर उभं राहून मनाशी कुस्ती खेळण्यात अर्थ नाही. हे चक्र दिवसा तोडायचं.

सकाळी थोडं तरी खा. उपमा, पोहे किंवा शिळ्या भाकरीचा कुस्करा, काहीही चालेल. शाळेतून आल्याबरोबर शेंगदाणे-गूळ, फुटाणे किंवा केळं खा. रात्रीचं जेवण पोटभर असू द्या. नगरची रब्बी ज्वारी प्रसिद्धच आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'फुले वसुधा', 'फुले रेवती' असे तिचे वाणही काढलेत. ज्वारीची भाकरी आणि उसळ, नाहीतर हुलग्याचे शेंगोळे खाऊन पाहा. त्यातल्या चोथ्यामुळे आणि प्रथिनांमुळे पोट बराच वेळ भरलेलं राहतं. जेवणानंतर थोड्या वेळानं दात घासून टाका. घासलेल्या तोंडानं चिवडा खायला जीव होत नाही, करून बघा!

एकदम सगळं बंद करू नका. साडेदहाचं खाणं आधी सव्वादहावर आणा, दोन-तीन दिवसांनी दहावर. थोडंथोडं कमी करत न्या. आणि चिवडा खायचाच असेल तर बशीत काढून घ्या. टीव्ही किंवा मोबाईल बघताना डब्यात हात घातला, की किती खाल्लं ते कळतच नाही.

आता आईबाबांसाठी दोन शब्द. दुकान बंद करून बाबा साडेनऊला येत असतील, तर मुलांना आठच्या सुमारास वाढा. रागावून डब्याला कुलूप लावू नका, त्यानं चोरून खाणं वाढतं. परीक्षेच्या दिवसांत मूल उशिरापर्यंत जागलं आणि खरंच भुकेलं असेल, तर कपभर दूध किंवा एखादं फळ द्या. वाढत्या वयात उपाशी झोपायचं नाही. मात्र मुलाला सारखी भूक आणि तहान लागते, रात्री लघवीला वरचेवर उठावं लागतं, वजन घटतंय असं दिसलं, तर ही सवय समजू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा, मधुमेहाची तपासणी करून घ्या. मधुमेह असलेल्या मुलांच्या खाण्याच्या वेळा तर डॉक्टरांना विचारूनच बदलायच्या.

मुलांनो, आजपासून पंधरा दिवस एका वहीत तीन गोष्टी लिहा. सकाळी काय खाल्लं, रात्री किती वाजता जेवलो आणि नंतर भूक लागली का. पंधराव्या दिवशी पहिलं पान उघडून बघा. कावळे कमी झाले का, ते आम्हाला नक्की कळवा. कळवाल ना?