शांती : कुणाची आणि कशाची?

दर चौदा एप्रिलच्या आधी आमच्या वस्तीतल्या पोरांना ठाण्यात बोलावणं येतं. शांतता समितीची मीटिंग. चहा, बिस्कुट, मग साहेबांचं भाषण : शांतता राखा. ज्यांनी मागल्या साली मिरवणुकीवर दगड टाकले ते खुर्च्यांवर, आम्ही सतरंजीवर. रात्रपाळी करून गेलेलो, डोळे चुरचुरत होते. म्हटलं, हा शब्द एकदा उसवून बघूच.

धातू शम्. कोश उघडा दोस्तांनो, भिऊ नका. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फार्शी घ्यावी लागली. पुढं ते स्वतःच्या हिमतीनं शिकलेच. मोनियर विल्यम्सच्या कोशात पहिला अर्थ काय? कष्टणं. मग थकणं, मग थांबणं, निवणं. कोशकार जोडतो, कष्ट म्हंजे विशेषतः यज्ञकर्मातले. यज्ञाची लाकडं कुणी फोडली ते मात्र लिहीत न्हाई. रात्रभर तुटले धागे सांधून साचा बंद झाला की कानात जे उतरतं, ती शांती मला कुणा पंडितानं शिकवायला नको.

त्याच धातूचं दुसरं पोर शमितृ. यज्ञातला पशू मारणारा. गप्प करणारा. पशूनं ओरडायचं न्हाई, म्हणून श्वास कोंडून मारायचा. आणि शतपथ ब्राह्मण बजावतं, 'मार' म्हणू नका, ती माणसांची रीत, 'संज्ञपय' म्हणा. म्हंजे त्याला राजी करा! तोंड दाबलेल्याची संमती. ठाण्यातल्या रजिस्टरात आमच्या सह्या घेतात त्या ह्याच जातीच्या.

पालीत 'सन्ति' आहे. धम्मपद सांगतं, समण तो ज्यानं पाप शमवलं. इथं शमवायचं ते पाप, तिथं शमवायचा तो बोकड. शब्द एक, बाजू दोन. आणि समणाचं संस्कृत रूप श्रमण, ते तर सरळ श्रमातून आलेलं.

कुणी म्हणेल, महाडला बाबासाहेबांनीच आपल्या लोकांना शांत ठेवलं. ठेवलं ना! पण २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी पिऊन झाल्यावर. डोकी आमची फुटली आणि शुद्धी तळ्याची झाली. तरी बाबासाहेब गप्प बसले न्हाईत, २५ डिसेंबरला तिथंच मनुस्मृती जाळली.

यंदाच्या मीटिंगला मी जाणार आहे. सही करायच्या आधी विचारणार : साहेब, मागल्या सालच्या दगडांच्या केसचं काय झालं?