पायाखालचे लाकूड

वेड पांघरून ज्या पेडगावला जायचे, ते पेडगाव आमचे नव्हे. म्हणीतले गाव भीमेच्या काठी, श्रीगोंदे तालुक्यात. आमचे परभणीहून मनमाडकडे निघालेल्या गाडीला लागणारे एक लहानसे स्टेशन. हा खुलासा मी वर्गात दरवर्षी करतो आणि मुले दरवर्षी हसतात. यंदा दसऱ्याला मात्र मला आमच्याच पेडगावात खरोखर वेड पांघरावे लागले. दादांनी जुने घर उतरवून त्याचे लाकूड विकायचे ठरवले होते. माझे मत विचारले, तर मी ऐकू न आल्यासारखे करून चहा मागितला.

दादांचे चूक नाही. आमची काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या ओढाताणीत भिंती तडकल्या. खाली पूर्वी शेणाने सारवलेली जमीन होती, पुढे शहाबादी फरशी आली. माडीवर मात्र सागवानी फळ्या. त्यांतल्या खिडकीजवळच्या एका फळीवर आजी वरवंट्याने खारका फोडीत असे. त्या जागी वाटीएवढा खळगा पडला आहे.

त्याच रात्री पुतण्याचा अमेरिकेतून फोन. बॉस्टनच्या बाजूला त्याने जुने घर घेतले आहे. जमीन पाइनच्या रुंद रुंद फळ्यांची, खुर्च्यांच्या पायांनी आणि बायकांच्या टाचांनी टोचून निघालेली. "काका, सुतार म्हणतो, ही उखडा आणि हार्डवुड घाला. हिला तर आहे तीच आवडते. तुम्ही सांगा."

मराठीच्या मास्तरला लाकडातले काय कळणार? शब्दातले कळते, म्हणून मी शब्दापासून सुरुवात केली. 'हार्डवुड' हा समास फसवा आहे. रुंद पानांचे झाड ते हार्डवुड, सुईसारख्या पानांचे ते सॉफ्टवुड; टणकपणाशी त्याचा थेट संबंध नाही. पोर लोंबकळले की मोडणारा आपला शेवगाही या हिशेबाने हार्डवुडच!

खरा टणकपणा मोजायची रीत वेगळी. सुमारे ११ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते पाहतात. जांका नावाच्या गृहस्थाची ही चाचणी. पुतण्याच्या घरातल्या पांढऱ्या पाइनला सुमारे ३८० पौंड पुरतात. दक्षिणेकडच्या लांब पानांच्या पाइनला ८७०. तांबड्या ओकला १२९०, पांढऱ्याला १३६०, मेपलला १४५०, आणि हिकरी तर १८२० पौंडांशिवाय दाद देत नाही. बास्केटबॉलची मैदाने मेपलची का करतात, ते यावरून कळते.

मग आपला साग? हजार-अकराशेच्या आसपास! म्हणजे ओकपेक्षा मऊ. हे वाचून मला, खरे सांगतो, घरच्या माणसाला कोणी कमी गुण दिल्यासारखे वाटले. पण सागाचे मोठेपण टणकपणात नाहीच. अंगचे तेल त्याला वाळवीपासून आणि पाण्यापासून जपते, आणि हवा पालटली तरी तो फारसा फुगत-आकसत नाही. मुंबईच्या वाडियांनी १८१७ साली बांधलेली 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही पाण्यावर आहे.

ओकमध्येही घराणी आहेत. तांबड्या ओकची छिद्रे इतकी मोकळी, की तुकड्याच्या एका टोकाने फुंकर घातली तर दुसऱ्या टोकाने निघते. पांढऱ्याची छिद्रे बुजलेली; म्हणून दारूची पिंपे त्याची. पाणी सांडणाऱ्या घराला पांढराच बरा. आणि गंमत अशी, की हिवाळ्यात घरे तापवली की ओकच्या फळ्या जेवढ्या आकसतात, तेवढी पांढरी पाइन आकसत नाही.

शिवाय त्या रुंद फळ्या आता मिळायच्या कुठून? १६९१ च्या सनदेने इंग्रजांच्या राजाने मॅसॅच्युसेट्समधली दोन फुटांहून जाड झाडे डोलकाठ्यांसाठी राखून ठेवली होती. १७७२ साली शेजारच्या न्यू हॅम्पशरमध्ये त्यावरून दंगा झाला. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तही आरमाराच्या लाकडाचा विचार आहे. पण तिथे रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, ती तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असे बजावले आहे. हे मी पुतण्याला पाच मिनिटे ऐकवले. अमेरिकेतला तास तो, त्याच्या कामाचा. पण पोराने ऐकून घेतले.

शेवटी मी म्हणालो, "घरात कुत्रा, दोन मुले; स्वयंपाकघरात पांढरा ओक घाल. बैठकीत पाइन राहू दे. तिला चरे पडणारच. फार झाले तर तासून घे, पण खोल खळगे तासून जायचे नाहीत."

"आपल्या माडीवर आजीचा होता तसा?"

मी दादांकडे पाहिले. फोन मोठ्याने लावलेला होता.

दुसऱ्या दिवशी लाकडाचा व्यापारी आला. घनफुटांचा हिशेब मांडताना खळग्याच्या फळीवर त्याने खडूने फुली मारली. हिचे पैसे कापावे लागतील म्हणाला. दादांनी काही न बोलता ती फळी बाजूला, भिंतीशी उभी केली. घर उतरणार आहे ते आहेच.

संध्याकाळी पुतण्याचा निरोप आला : काका, त्या फळीची लांबी किती भरते?