उष्ट्या घासाचे विज्ञान

माणसाला होणारे हर्पीस कुळातील विषाणू आठ आहेत. त्यांपैकी कांजिण्या आणि नागीण घडवणारा घरोघरी ठाऊक आहे. बाकीच्यांपैकी बरेचसे मुकाट्याने, लाळेतून पसरतात. एकदा शरीरात शिरले की हे विषाणू जन्मभर तिथेच दडून राहतात आणि अधूनमधून लाळेत उतरतात. तेव्हा ना ताप असतो, ना दुखणे.

सहाव्या महिन्यानंतर बाळाचे उष्टावण होते. औसा असो की उदगीर, चित्र एकच. मऊ भाताचा घास गरम नाही ना, हे आई आपल्या ओठाला लावून पाहते आणि मग भरवते. वाटीत उरलेला वरणभात तीच संपवते. भिजलेले लाळेरे काढणारा हात पदराला पुसला जातो. लाळेची ये-जा अशी दोन्हीकडून चालते.

बहुतेक वेळा यात बिघडत काही नाही. याच कुळातला, १९६४ साली सापडलेला एपस्टाइन-बार विषाणू आपल्याकडे बहुतेकांना लहानपणीच होतो आणि कळतही नाही. तोच पहिल्यांदा तरुणपणी झाला तर ताप, घसादुखी आणि मानेतल्या गाठी आठवडेच्या आठवडे छळतात. त्यांचाच आणखी एक भाऊबंद, एचएचव्ही-६, दोन वर्षांच्या आत बहुतेक मुलांना गाठतो. काहींना तीन-चार दिवस कडक ताप येतो, तो उतरताच अंगावर पुरळ उठते आणि घरच्यांना गोवराची शंका येते.

काळजी दोन ठिकाणी घ्यायची. पहिले, नवजात बाळ. मोठ्या माणसाच्या ओठाच्या कडेला पुळ्यांचा पुंजका आला की ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणून सोडून दिले जाते; पण तो हर्पीस सिम्प्लेक्स असतो आणि पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचून जिवावर बेतू शकतो. बाळंतविडा घेऊन आलेल्या प्रत्येकाला बाळाचा मुका घ्यावासा वाटतो. ओठ उतलेल्याने तो घेऊ नये, मग ती सख्खी आजी का असेना.

दुसरे, पुन्हा गरोदर असलेली आई. याच कुळातला सायटोमेगॅलो विषाणू लहान मुलांच्या लाळेत आणि लघवीत महिनोन्महिने राहतो. भारतात बहुतेक स्त्रियांना तो आधीच होऊन गेलेला असतो, तरी दडलेला पुन्हा जागा होतो किंवा नवा प्रकार शिरतो आणि गर्भाला बाधा होऊ शकते. आनुवंशिक नसलेल्या जन्मजात बहिरेपणाचे हे सर्वात मोठे कारण आहे. काही मुलांना जन्मतः ऐकू येते आणि पुढे कान मंदावतो. तपासणी सोपी आहे: गालाच्या आतून बोळ्यावर लाळ घ्यायची. मात्र ती जन्मानंतर २१ दिवसांच्या आत व्हावी आणि दूध पाजून निदान तासभर झालेला असावा, कारण आईच्या दुधातही हा विषाणू असतो. पण तेवढ्यासाठी पूर्ण दिवसांच्या बाळाचे दूध तोडायचे कारण नाही.

सायटोमेगॅलो किंवा एपस्टाइन-बार यांवर लस नाही, साबण आहे. लाळ, शेंबूड, लंगोट हाताळल्यावर हात धुणे, गरोदरपणी मोठ्या मुलाचे उष्टे न खाणे, त्याचा मुका ओठांऐवजी कपाळाचा घेणे, एवढ्याने धोका कमी होतो.

हे सांगायला नवी यंत्रणा नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घडवलेल्या घरोघरच्या नवजात सेवेतून देशाची योजना उभी राहिली. दवाखान्यात बाळंत झालेल्या आईकडे आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा जातात. वजन आणि ताप पाहताना ओठांच्या पुळ्यांबद्दल विचारणे आणि बाळाचा कान तपासून घ्यायला सांगणे, या दोन गोष्टी त्यांच्या कामात घातल्याच पाहिजेत. दोष आईच्या मायेचा नाही. तिला वेळेवर सांगितले जात नाही, हा आहे.