कर्ज म्हणजे शिष्यवृत्ती नव्हे

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातील गोष्ट. रायपूरच्या तात्यापारा भागात राहणारे आमचे एक जुने परिचित आपल्या मुलीला घेऊन घरी आले. ते एका दुकानात हिशेब लिहितात. वार्षिक उत्पन्न चार लाखांच्या आत. हातात पेढ्यांचा पुडा होता आणि एका बँकेचे पत्र. "काका, लोन मंजूर झालं!" मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात शिष्यवृत्ती मिळाल्याचा आनंद होता.

शहराबाहेरच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेची जागा तिने आगाऊ पंचवीस हजार भरून राखून ठेवली होती. दरसाल पावणेदोन लाख, चार वर्षांचे सात लाख, आणि तेवढ्याच रकमेचे कर्ज. हिशेब लिहिण्यात आयुष्य घालवलेल्या त्या गृहस्थांनी हा एक हिशेब मात्र केलेला नव्हता. म्हणून आम्ही दोघे कागद घेऊन बसलो.

व्याजदर साडेदहा टक्के धरला. शिक्षणाची चार वर्षे आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असते. सरळव्याजाने या काळाचे सुमारे दोन लाख सत्तावन्न हजार होतात. म्हणजे पहिला हप्ता भरण्यापूर्वीच सात लाखांचे साडेनऊ लाखांच्या वर गेलेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे १२,९०० रुपये. एकूण परतफेड साडेपंधरा लाख. या घरात महिन्याकाठी येणारी रक्कम तीस हजारांच्या आसपास. पेढा माझ्या हातातच राहिला.

"पण सरकार व्याज भरते ना?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर प्रशासनातील आम्हा मंडळींना खाली मान घालायला लावणारे आहे. केंद्राची व्याज अनुदान योजना २००९-१० पासून आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला हप्ते सुरू होईपर्यंतचे व्याज त्यातून मिळते. परंतु संस्था वा अभ्यासक्रम मानांकित असावा लागतो, आणि हे महाविद्यालय त्या अटीत बसत नव्हते. छत्तीसगड शासनाची योजना अधिक उदार आहे. तीत विद्यार्थ्याला केवळ एक टक्का व्याज भरावे लागते आणि नक्षलग्रस्त जिल्ह्यांत तेवढेही नाही. पण तिची उत्पन्नमर्यादा दोन लाख आणि कर्जमर्यादा चार लाख. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. मात्र ती देशातील निवडक संस्थांपुरती, आणि तिथेही वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती. तीन योजना, तीन उत्पन्नमर्यादा, तीन प्रकारच्या अटी; आणि हा माणूस तिन्हींच्या मधल्या फटीतून खाली पडलेला.

यातील विसंगती वाचकांच्या ध्यानात आली असेलच. केंद्र सरकारच्या नामांकित संस्थांत शुल्क आधीच तुलनेने कमी असते आणि पात्र विद्यार्थ्याला ते माफही होते. नेमकी तिथेच नवी सवलतही मिळते. जिथे शुल्क सर्वांत जड आणि नोकरीची हमी सर्वांत कमी, तिथला विद्यार्थी बाजारभावाने कर्ज काढतो.

मग मी तिला विचारले, "एनआयटीचा पर्याय भरलास का?" तिच्या क्रमांकाला रायपूरच्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेत खाणकाम किंवा धातुशास्त्र मिळण्याजोगे होते. शिवाय तिथल्या निम्म्या जागा राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात. ती म्हणाली, "तिथेही सव्वा लाख आहेत, काका. मग आवडीची ब्रँच का सोडायची?"

तिचा तर्क बरोबर होता, माहिती अपुरी होती. २०१६ साली एनआयटीचे शिक्षणशुल्क वार्षिक सव्वा लाख झाले, तेव्हाच अनुसूचित जाती-जमातींच्या व दिव्यांग विद्यार्थ्यांना, तसेच एक लाखाच्या आत उत्पन्न असलेल्यांना ते पूर्ण माफ झाले. आणि एक ते पाच लाख उत्पन्न असलेल्यांना दोन-तृतीयांश माफ झाले. म्हणजे या मुलीसाठी वर्षाला सुमारे ४१,६६७ रुपये. चार वर्षांचे शिक्षणशुल्क एक लाख सदुसष्ट हजारांच्या आत, आणि राहायला घरचेच छप्पर. इतर किरकोळ शुल्के धरली तरी सात लाखांशी तुलना होऊ शकत नाही. ही गोष्ट तिला शाळेने सांगितली नाही, बँकेने सांगितली नाही, आणि खाजगी महाविद्यालय तर सांगणारच नव्हते. बारावीपर्यंत शासनाच्या अनुदानावर शिकलेल्या मुलीपर्यंत हे एक वाक्य पोचवणे शासनाला जमले नाही.

आता थोडे आत्मपरीक्षण. सेवेत असताना जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या अनेक बैठकांचे अध्यक्षपद मी भूषवले आहे. शैक्षणिक कर्ज हे प्राधान्यक्षेत्रातील कर्ज. त्यामुळे त्याचा आढावा ठरलेला, उद्दिष्ट किती आणि साध्य किती याचा तक्ता ठरलेला. उद्दिष्ट पूर्ण करणाऱ्या शाखा-व्यवस्थापकाचे मी अभिनंदन करीत असे. कर्ज-मेळाव्यात व्यासपीठावरून मंजुरीपत्रे वाटली आहेत, छायाचित्रेही काढून घेतली आहेत. त्याच जिल्ह्यात त्याच वेळी शिष्यवृत्तीचे अर्ज पडताळणीअभावी पडून होते. त्यांचा तक्ता त्या बैठकीत कधी आला नाही, आणि मीही तो मागितला नाही. शिष्यवृत्ती उशिरा मिळाली तर महाविद्यालय विद्यार्थ्याकडे तगादा लावते, आणि विद्यार्थी सावकाराकडे किंवा बँकेकडे जातो. आमची दिरंगाई अशा रीतीने दुसऱ्या तक्त्यात 'साध्य' म्हणून नोंदवली जाते. या पापाचा मीही धनी आहे.

कोणी म्हणेल, शासनाकडे पैसा नाही. परंतु पीएम-विद्यालक्ष्मीसाठी सात वर्षांत ३,६०० कोटींची तरतूद आहेच. प्रश्न पैसा कोणत्या दिशेने वाहतो, हा आहे. व्याजाचे अनुदान अखेर बँकेच्या खात्यात जाते. शुल्क जिथल्या तिथे राहते, आणि कर्ज सुलभ झाले की ते वाढवायला संस्थेला हुरूपच येतो. कोणी असेही म्हणेल की कर्जाने जबाबदारीची जाणीव येते. येते, हे मान्य. सर्व पर्याय ठाऊक असताना, चांगल्या संस्थेतील, चांगल्या पगाराच्या भरवशावर काढलेल्या कर्जाला माझा विरोध नाही. अज्ञानातून काढलेल्या कर्जाला जबाबदारी म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

रायपूरला तर निष्काळजीपणाची किंमत चांगलीच ठाऊक असायला हवी. २००२ च्या खाजगी विद्यापीठ कायद्याखाली या राज्यात पाहता पाहता ११२ विद्यापीठे अधिसूचित झाली. त्यांतील कित्येकांचे विद्यापीठपण पाटीपुरतेच होते. प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००५ मध्ये त्या कायद्याची मूळ कलमे रद्द केली आणि ती सारी विद्यापीठे एका निकालासरशी संपली. विद्यार्थ्यांना इतरत्र सामावण्याची व्यवस्था करावी लागली. शासनाने दिलेल्या मान्यतेवर विश्वास ठेवून पालक पैसे भरतो, हे त्या अधिसूचना काढताना कोणाच्याही मनात आले नसेल काय?

याउलट उदाहरणेही आपल्याजवळच आहेत. नक्षलग्रस्त भागांतील मुलांसाठी याच राज्याने २०१० मध्ये 'प्रयास' निवासी विद्यालय रायपुरात सुरू केले. तिथे राहणे, जेवणे आणि प्रवेशपरीक्षांची तयारी शासनाच्या खर्चाने होते. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' हे तत्त्व १९४७ साली महाविद्यालयापर्यंत नेले. गरिबाच्या मुलाला फीइतकीच जेवणाची आणि अंथरुणाची अडचण असते, हे त्यांनी ओळखले होते. महाराष्ट्राच्या 'स्वाधार' योजनेत वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवण्यासाठी थेट रक्कम मिळते. तिच्यामागे हीच जुनी समज आहे.

म्हणून माझ्या सूचना साध्या आहेत, आणि त्यांतील बहुतेकांना नवा कायदा लागत नाही.

१) बारावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला जानेवारीतच एक पान द्यावे : कोणत्या उत्पन्नगटाला कोणत्या शासकीय संस्थेत प्रत्यक्षात किती शुल्क पडते.

२) राज्याच्या प्रवेश व शुल्क विनियामक समितीने ठरवलेले शुल्क प्रत्येक महाविद्यालयाच्या दारावर आणि माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर असावे, संस्था व्याज अनुदानास पात्र आहे की नाही, हेही तिथेच लिहावे.

३) शैक्षणिक कर्जाचा आढावा ज्या बैठकीत होतो, त्याच बैठकीत प्रलंबित शिष्यवृत्त्यांचा तक्ता आधी घ्यावा.

४) कर्ज मंजूर करण्यापूर्वी बँकेने संपूर्ण परतफेडीचा आकडा अर्जदाराच्या भाषेत, अक्षरी लिहून द्यावा.

५) व्याज अनुदानाइतकीच रक्कम वसतिगृहांवर खर्च करण्याचे बंधन राज्याने स्वतःवर घालून घ्यावे.

त्या मुलीने त्या रात्रीच आपला पर्यायांचा क्रम बदलला. पुढच्या महिन्यात तिला एनआयटीत धातुशास्त्राची जागा मिळाली. खाजगी महाविद्यालयाकडून आगाऊ रक्कम परत मिळवायला तिच्या वडिलांना दोन महिने खेटे घालावे लागले. कर्ज त्यांनी घेतले नाही. सर्वांच्याच बाबतीत असे जमणार नाही, हे मी जाणतो. एनआयटीच्या जागा मोजक्या आहेत. परंतु तिचा निर्णय बदलायला लागला तो एक कागद, एक पेन्सिल आणि अर्धा तास. माझ्या घरी येण्याचे तिला सुचले, हा निव्वळ योगायोग. प्रशासनाचे काम योगायोगावर सोपवायचे असेल, तर मग आम्हाला पगार आणि निवृत्तिवेतन कशासाठी मिळते?