करवियलें : श्रवणबेळगोळच्या दोन ओळी

मराठीतील सर्वांत जुने वाक्य कोणते, हा प्रश्नमंजूषेतील ठरलेला प्रश्न आणि ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे त्याचे ठरलेले उत्तर. शाळकरी मुलेही ते घडाघडा सांगतात. उत्तरातील शब्द खरे आहेत; शंका आहे ती प्रश्नातील ‘सर्वांत जुने’ या विशेषणाविषयी.

हे वाक्य आहे कर्नाटकातील हासन जिल्ह्यात, श्रवणबेळगोळच्या विंध्यगिरीवर, भगवान बाहुबलींच्या चरणांपाशी. गंग राजांचे मंत्री व सेनापती चावुंडराय यांनी ही सुमारे ५७ फूट उंचीची मूर्ती इ. स. ९८१ च्या सुमारास डोंगरमाथ्यावरील एकाच ग्रॅनाइट खडकातून घडवून घेतली. मांड्यांपर्यंत तिला वारुळांच्या कोरीव कामाचा आधार आहे; तेथून वर ती चहूबाजूंनी मोकळी आहे. भरताला दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्धात जिंकूनही बाहुबलींनी राज्य सोडले, कायोत्सर्गात ते इतके स्थिर राहिले की पायांशी वारुळे वाढली आणि अंगावर वेली चढल्या, अशी कथा आहे. एवढ्या उंच दगडाला जेथे आधार हवा, नेमकी तेथेच कथेतील वारुळे आली आहेत. स्थापत्याची गरज आणि पुराणातील प्रसंग इतके एकजीव झाल्याचे उदाहरण विरळाच.

आता त्या ओळी. पायांच्या एका बाजूस चावुंडरायांचे नाव कन्नड आणि तमिळ भाषांत कोरलेले आहे. दुसऱ्या बाजूस नागरी लिपीत मराठी मजकूर आहे आणि तो एका नव्हे, दोन ओळींचा आहे : ‘श्रीचावुण्डराजें करवियलें । श्रीगंगराजे सुत्ताले करवियलें’. चावुंडरायांनी मूर्ती करविली, गंगराजांनी भोवतालचा प्राकार करविला, एवढाच अर्थ. ‘सुत्ताले’ म्हणजे सभोवतीची ओवरी. कन्नडमधील हा शब्द मराठीत पुढे रुजला नाही.

गंगराज हे होयसळ नरेश विष्णुवर्धन यांचे सेनापती. प्राकाराचे काम इ. स. १११७ च्या सुमाराचे, म्हणजे मूर्तीनंतर तब्बल सव्वाशे-दीडशे वर्षांचे. मराठीच्या दोन्ही ओळींच्या अक्षरांचे वळण एकच आहे. त्यामुळे डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्यासारख्या अभ्यासकांनी दोन्ही ओळी गंगराजांच्याच काळातील मानल्या. तसे असेल तर पहिलेपणाचा मान अलिबागजवळच्या आक्षी येथील शिलालेखाकडे जातो. त्यावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ हा काळ नोंदलेला आहे.

मान गेला म्हणून हळहळणारे पुष्कळ आहेत. परंतु हा निष्कर्ष स्वीकारला की त्या ओळींचे मोल वेगळ्याच अंगाने वाढते. चावुंडरायांना जाऊन शतक लोटले होते. गंग राजवट संपली होती. खर्च गंगराजांचा, शिल्पी त्यांचेच, दगडही समोर. केवळ आपली ओळ कोरून घेतली असती तरी कोणी आक्षेप घेतला नसता. त्यांनी मात्र पूर्वीच्या कर्त्याचे नाव आधी घातले, आपले नंतर, आणि आपल्या नावापुढे ‘सुत्ताले’ हा शब्द आवर्जून ठेवला. ज्याची रक्कम त्याच्याच खाती जमा! मराठी वाचणारा यात्रेकरू इतक्या दक्षिणेस येत असला पाहिजे आणि त्यालाही हा हिशेब कळावा, अशी इच्छा त्यामागे दिसते.

भाषेचा आणखी एक धागा ‘गोम्मटेश्वर’ या नावातच आहे. प्राकृतचे थोर पंडित डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्या मते ‘गोम्मट’ हे चावुंडरायांचेच घरगुती नाव आणि ‘गोम्मटेश्वर’ म्हणजे गोम्मटाचा ईश्वर. मराठीतील ‘गोमटा’, म्हणजे देखणा, या शब्दाशी त्यांनी त्याचे नाते जोडले. आचार्य नेमिचंद्रांच्या ‘गोम्मटसार’ या ग्रंथाच्या नावातही तोच शब्द आहे.

मूर्तीच्या निर्मितीच्या आख्यायिकेत दूध दोनदा येते. पौदनपूरच्या बाहुबलींचे दर्शन होईपर्यंत दूध घेणार नाही, असा नियम चावुंडरायांच्या मातोश्री काललादेवींनी घेतला होता. मूर्तीचा संकल्प त्यातूनच झाला, असे सांगतात. पुढे पहिल्या अभिषेकाच्या वेळी घागरीमागून घागरी रित्या होऊनही दूध मांड्यांखाली उतरेना. तेव्हा एका वृद्धेने गुळ्ळकायि नावाच्या लहानशा फळाच्या पोकळ कवचातून आणलेले दूध वाहिले आणि ते चरणांपर्यंत पोहोचून डोंगरावरून वाहू लागले. लोक तिला गुळ्ळकायज्जी, म्हणजे गुळ्ळकायिवाली आजी, म्हणतात. दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामस्तकाभिषेकास, अलीकडे २०१८ मध्ये, लाखो भाविक विंध्यगिरीवर लोटले. प्राकाराच्या बाहेर, द्वारासमोर, हातात ते फळ घेतलेली आजींची मूर्ती बाहुबलींकडे तोंड करून उभी आहे.