आवाज शोधण्याची मजुरी

राजूर घाट उतरताना डाव्या वळणावर गाडी घुमायची आणि उजवं वळण आलं की गप्प व्हायची. गाडीला पंधरावं वर्ष सुरू आहे, त्यामुळे घरात लगेच दोन मतं पडली. एक, टायर गेले. दोन, गाडीच गेली, आता विकून टाका. पण बुलढाण्याहून मोताळ्याकडे उतरणाऱ्या या वळणांनी अर्धं निदान आधीच करून दिलं होतं. डाव्या वळणात गाडीचा भार उजव्या चाकांवर येतो. भार आला की घुमायचं आणि भार हटला की शांत व्हायचं, ही उजव्या बाजूच्या बेअरिंगची खूण आहे.

टायरही जवळपास असाच घुमतो, म्हणून इथे घाई करू नये. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, बेअरिंगचा बदलत नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हे तपासायची चांगली सोय आहे. मेहकर किंवा सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर चढलं की काँक्रीट लागतं, खाली उतरलं की डांबर. काँक्रीटवर मोठा होणारा आणि नव्या डांबरावर बारीक होणारा आवाज टायरचा धरावा. दोन्हीकडे सारखाच, फक्त वेगाबरोबर चढत जाणारा असेल, तर संशय बेअरिंगवर. इंजिनाबद्दल शंका असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात क्षणभर क्लच दाबून बघावा. इंजिन खाली बसलं तरी घुमणं तसंच राहिलं, तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही.

माझं सांगणं एवढंच, की गाडीतला आवाज कशाला तरी बांधलेला असतो, आणि तो कशाला बांधलेला आहे ते कळेपर्यंत एकही पार्ट बदलू नये. वेगाला, इंजिनाला, स्टेअरिंगला, ब्रेकला की रस्त्याला? स्टेअरिंग पूर्ण कापून गाडी काढताना टकटक आली तर ॲक्सलच्या टोकाचा सीव्ही जॉइंट बघावा. त्याचं रबरी बूट फाटलेलं असलं तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. ब्रेक दाबताना किंवा गाडी उचलताना एकच जाड धप्प झाली तर लोअर आर्मचे बुश. गल्लीतल्या बारीक खड्ड्यांवर, हळू चालताना खटखट आली तर लिंक रॉड. ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरलं तर चाकांचं बॅलन्सिंग, आणि ती थरथर फक्त ब्रेक लावल्यावरच येत असेल तर डिस्क.

मी ज्या मिस्तरीकडे जातो, त्यांचं गॅरेज चिखली रोडला आहे. पत्र्याचं शेड, पुढे कडुनिंब. गाडी पाहिल्याबरोबर त्यांनी पान्याला हात लावला नाही. शेजारी बसले, म्हणाले, “चाला, फिरवून आणू.” परत आल्यावर पलीकडच्या चाकाला दगड लावला, जॅक चढवला, खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली ते पोऱ्यालाही जाऊ देत नाहीत. मग चाकाला वरून आणि खालून धरून हलवलं. ढिलाई असली तर ती बेअरिंगमध्ये किंवा बॉल जॉइंटमध्ये. नंतर दोन्ही बाजूंनी धरून हलवलं, तिथली ढिलाई टाय रॉडच्या टोकाची. माझ्या गाडीत दोन्हीकडे काही सापडलं नाही. मग त्यांनी गिअर न्यूट्रल केला, एका हाताने चाक फिरवलं, दुसरा हात वरच्या स्प्रिंगवर ठेवला आणि मलाही तिथेच हात ठेवायला सांगितलं. कानाला काही येत नव्हतं. बोटांना मात्र बारीक खरखर लागत होती, एकसारखी. डाव्या चाकाची स्प्रिंग तशीच धरून पाहिली, ती मऊ, गप्प होती. बेअरिंग खराब झाल्याचा याहून स्वच्छ पुरावा मला माहीत नाही.

एक खटखटही होती, ती मला मागच्या सीटखालून येते असं वाटत होतं. ते म्हणाले, “सर, आयकू मांगून येऊन राह्यलं, पन बिमारी समोर हाय.” पुढचा लिंक रॉड निघाला. गाडीचा सगळा पत्रा एकमेकाला जोडलेला असतो आणि आवाज त्याच्यातून कुठल्या कुठे जातो. म्हणून मागून आवाज आला की मागचे शॉकअप बदलून टाकायचे, हा प्रकार पैशाचा निव्वळ नास आहे.

गाडी आदळत असली तर आधी हवा बघावी. दाराजवळच्या खांबावर किती हवा भरावी ते कंपनीने लिहिलेलं असतं, तो आकडा थंड टायरचा असतो. पंपावर आपण काही बोललो नाही तर पुष्कळदा जास्तच हवा भरली जाते आणि मग प्रत्येक खडा कमरेला लागतो. त्यानंतर टायरचं वय. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. ३२१७ असेल तर तो टायर २०१७ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर उन्हाने कडक होतं, आणि घाटाखाली नांदुरा-मलकापूर-शेगावकडचं मे महिन्याचं ऊन काही सांगायला नको. टायरवरून तळहात फिरवावा. उंचसखल, खवल्याखवल्यांनी झिजलेला लागला तर शॉकअप थकले आहेत आणि चाक रस्त्यावर उड्या मारत चाललं आहे. अशा वेळी नुसते टायर बदलले तर नवेही तसेच झिजतील.

रस्त्याचाही वाटा आहे, तो आपण पुरेसा धरत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळून बसते. तिच्यावरचा रस्ता वर्षाकाठी खाली-वर होत राहतो आणि पुढे डांबरावर लांब लाटा उठतात. खड्डा निदान दिसतो. ही लाट दिसत नाही. गाडी डोलते, शॉकअप प्रत्येक वेळी तो डोल आवरतो आणि हळूहळू थकतो. जळगाव जामोदकडून रोज ये-जा करणाऱ्या शिक्षकाच्या गाडीचे शॉकअप लवकर गेले, तर त्याच्या चालवण्याला नाव ठेवायच्या आधी तो रस्ता पाहावा.

आता मजुरीचं. बेअरिंग आणि लिंक रॉड बदलले, बिल झालं. त्यात पार्टचे पैसे होते, बसवायचे होते. शोधायचे नव्हते. गाडी फिरवून आणली, जॅक लावला, चारही चाकं तपासली, याला जो वेळ गेला त्याची किंमत शून्य. मी वेगळे पैसे देऊ केले तर त्यांना अवघडल्यासारखं झालं. डॉक्टरने नुसतं तपासलं आणि गोळी दिली नाही, तरी आपण फी देऊन येतो. मिस्तरीने तासभर शोधून “काही झालं नाही, हवा कमी करा” म्हटलं तर आपण हात हलवत निघतो. मग त्याने पोट कशावर भरायचं? पार्ट विकण्यावर. नीट शोधणाऱ्याला काहीच मिळत नाही आणि अंदाजाने एकामागून एक पार्ट बदलणाऱ्याचं बिल मोठं होतं, ही व्यवस्था आपणच चालू ठेवली आहे. तिचा खर्चही आपल्याच खिशातून जातो. ज्यांची एकुलती जुनी गाडी म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेण्यासाठी घरी ठेवलेली असते, त्यांना हा खर्च जास्त जड जातो.

अशा गाड्या पुढेही चालणार आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग गाडी आरटीओला दाखवून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घेता येते. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी त्याची फी पाच हजार रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. एवढे पैसे भरून गाडी ठेवायची असेल, तर ती दाखवायला नेण्याआधी खालची सगळी ढिलाई एकदा तपासून घेणं शहाणपणाचं. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेली गाडी कायद्यानेही रस्त्यावर आणता येत नाही, आणि समृद्धीवर एकशेवीसच्या वेगात तर तिचं कामच नाही.

आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेईकलचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. तो करून आपल्या तालुक्यांतली पोरं गॅरेज टाकतात. त्यांना मी आग्रहाने सांगतो, की पहिल्या दिवशी दुकानाबाहेर दरफलक लावा आणि त्यावर सगळ्यांत वरची ओळ अशी लिहा: गाडी चालवून पाहणे व तपासणी, इतके रुपये, पार्ट बदलला नाही तरी. सुरुवातीला गिऱ्हाईक कुरकुर करेल. माझ्या मिस्तरींनाही हेच सुचवलं आहे. रक्कम किती लिहावी यावर आमचं अजून जमलेलं नाही, ते फार कमी सांगतात.