नोकरीची खिडकी तालुक्यात कधी?

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी एम्प्लॉयमेंटचं कार्ड काढलं होतं? आमच्या वेळी बारावी झाली की मुलीच्या मागे दोन गोष्टी लागायच्या, एक टायपिंगचा क्लास आणि दुसरं हे कार्ड. मी बी.कॉम. झाल्यावर १९९४ साली काढलं. महाडहून पहाटेची एसटी धरून अलिबाग गाठायचं, सोबत वडील, कारण एकटीला कोण सोडणार! दर तीन वर्षांनी नूतनीकरण, नाहीतर नाव कटलं. पुढे लग्न होऊन पोलादपुरात आले तरी सासूबाई आठवण द्यायच्या, "अगं, कार्डाची तारीख बघितलीस का?"

पण कार्ड म्हणजे नोकरी नव्हे, हे कुणी समजावून सांगत नसे. या कार्यालयांची सुरुवात १९४५ ची. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेतून सुटलेल्या जवानांना कामधंद्याला लावायचं म्हणून ती निघाली. ती गरज काय होती हे आपल्या महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्याला वेगळं सांगायला नको. मग ती सर्वांना खुली झाली. १९५९ मध्ये कायदा आला, तो लागू झाला १ मे १९६० ला, म्हणजे महाराष्ट्र जन्मला त्याच दिवशी. सरकारी कार्यालयांनी आणि २५ किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या खासगी कारखान्यांनी रिकाम्या जागा कळवायच्या, एवढंच बंधन. कळवलं म्हणून यादीतल्या माणसाला घ्यायलाच हवं, असं त्या कायद्यात कुठेही नव्हतं. त्यात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसत्या या यादीवरून सरकारी भरती करू नका, जाहिरातही द्या. निकाल न्यायाचाच होता. कार्डाचा दरारा मात्र तिथून उतरला.

आता कार्ड गेलं, 'महास्वयंम' आलं. नोंदणी ऑनलाइन, घरबसल्या आणि फुकट. (फुकट हे लक्षात ठेवा, कुणी त्याचे पाचशे मागितले तर देऊ नका.) पोलादपूरच्या बाईच्या दृष्टीने बघायचं तर अलिबाग खिशात आलं. पण खिसा कुणाचा?

आमच्या शेजारची एक वहिनी बारावी पास आहे. घरवाला मुंबईला ड्रायव्हर. आपल्याकडे वरच्या वाड्यांतून निम्मे पुरुष मुंबईलाच असतात, त्यात नवल नाही. घरात एकच चांगला मोबाईल, तो त्याच्याकडे आणि आधारला जोडलेला नंबरही त्याचाच. आम्ही दोघी नोंदणी करायला बसलो. ओटीपी गेला मुंबईला. तो गाडी चालवत होता. त्याने फोन करून आकडे सांगेपर्यंत वेळ संपली. असं तीनदा झालं. चौथ्यांदा तो वैतागून म्हणाला, "कशाला पाहिजे तुला हे सगळं?" वहिनीने फॉर्म बंद केला आणि ती गुरांना पाणी दाखवायला गेली.

हाच प्रश्न मलाही विचारला गेलाय. जुलै २०२१ च्या पुरात महाडच्या बाजारपेठेचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मी जिथे हिशेब लिहायला जात होते ते दुकान पुन्हा उघडलंच नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी बेकार झाले. नोकरीसाठी मार्गदर्शन मिळतं म्हणून एका कार्यालयात गेले, नाव-गाव राहू दे. तिथल्या साहेबांनी कागद बघायच्या आधी विचारलं, "मॅडम, मिस्टर काय करतात?" सांगितलं. "मग कमावते आहेत की! तुम्ही कशाला एवढी धावपळ करता?" माझ्या मागे रांगेत पंचविशीचा एक मुलगा होता. त्याला कुणी त्याची बायको काय करते ते विचारलं नाही.

कागदांची कथा आणखी वेगळी. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. गावात तो ग्रामसेवकाकडे मिळतो, पण लग्नाला वीस वर्षं झालेल्या कितीतरी जणींनी तो काढलेलाच नाही. पुरात ज्यांच्या पेट्या भिजल्या त्यांची तर दहावी-बारावीची पत्रकंही गेली. दुबार पत्रकासाठी आपलं विभागीय मंडळ वाशीला. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं हे फार चांगलं झालं, पण दिवस काही अर्धा होत नाही. उमरठकडच्या बाईने आधी पोलादपूर, मग महाड, मग पुढे शंभराच्या आसपास किलोमीटर अलिबाग गाठायचं आणि दिवेलागणीला चुलीपाशी हजर व्हायचं, हे कसं जमणार?

वयाचंही तसंच. २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना निघाली. बारावीला महिना ६ हजार, आयटीआय-पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार विद्यावेतन. पण अट १८ ते ३५ ची. योजना तरुणांची आहे, मान्य. पण बाईची पोरं शाळेत मार्गी लागून तिचे हात मोकळे होतात तेव्हा तिची पस्तिशी उलटलेली असते. महाडच्या एमआयडीसीत अशा बायकांना काम मिळतं ते बहुतेक कंत्राटदाराच्या ओळखीतून, साफसफाईचं नाहीतर पॅकिंगचं. बी.ए. झालेलीलाही तेच.

हे बदलता येत नाही असं कुणी मला सांगू नये. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे फॉर्म भरले गेले तेव्हा अंगणवाडीच्या ताई वाडीवाडीवर बसल्या होत्या. कागद कमी पडला तर त्याच सांगत होत्या, काय आण, कुठून आण. तेव्हा ना पस्तिशी आडवी आली ना चढण. पंधराशे रुपये द्यायला सरकार उंबऱ्यापर्यंत येऊ शकतं, तर बाईचं नाव, शिक्षण आणि तिला येणारं काम लिहून घ्यायला का नाही?

माझं मागणं मोठं नाही. अलिबागच्या केंद्राचा एक माणूस महिन्यातून एक दिवस महाडच्या आणि एक दिवस पोलादपूरच्या पंचायत समितीत बसावा. सोबत एमआयडीसीतल्या रिकाम्या जागांची यादी असावी, ती भिंतीवर लावावी, मराठीत. बाईचा स्वतःचा नंबर आधारला जोडून देण्याची सोय तिथेच असावी. बचत गटाच्या पुढच्या बैठकीत असा अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि गटविकास अधिकाऱ्यांच्या हातात देऊन पोच घ्या. आमच्या गटाने लिहिलाय, खाली सतरा सह्या आहेत. वहिनीची चौथी. दिवस कोणता ठेवायचा ते त्यांनी ठरवावं, बाजाराचा ठेवला तर बरं, त्या दिवशी बायका तशाही खाली उतरतात.